पापुद्रा

चाचणी विभागातल्या टेबलावर दोन रबरी हात पालथे पडलेले होते. त्यांच्या मनगटांतून पारदर्शक नळ्या निघून एका छोट्या पंपाला जोडल्या होत्या आणि पंपातून अंगाइतकं कोमट पाणी त्या हातांमध्ये खेळत होतं. हातांखाली एक लॅपटॉप उघडा होता. तो इतका पातळ होता की बाजूने पाहिलं तर टेबलावर कुणी पुठ्ठा विसरून गेलंय असं वाटावं. नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरच्या या प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘पापुद्रा’ म्हणत.

“बघा सर,” शलाका बागूल म्हणाली. “पूर्ण वेग. दोन्ही बाजूंना. सकाळपासून एकदाही खाली आलेला नाही.”

यशवंत खैरनारांनी पडद्याकडे पाहिलं. त्यावर दोन पट्ट्या होत्या, डाव्या प्रोसेसरची निळी आणि उजव्याची केशरी. दोन्ही काठोकाठ भरलेल्या होत्या.

“रबरी हातांना काय गं,” ते म्हणाले. “मी बसलो की हा रडायला लागतो.”

खैरनार चाचणी विभागाचे प्रमुख होते. उभं आयुष्य त्यांनी लॅपटॉप उघडण्यात, जाळण्यात, पाडण्यात आणि पुन्हा जोडण्यात घालवलं होतं. कुठलंही यंत्र त्यांच्या सहीशिवाय बाजारात जात नसे. शलाका त्यांच्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी लहान. पापुद्रा तिच्या डोक्यातून निघाला होता.

त्यामागे तिची आई होती. आई सुरगाण्याकडे आरोग्यसेविका होती. पाड्यापाड्यांवर चढउतार करताना तिच्या पाठीवर औषधांची पेटी आणि वर सरकारी लॅपटॉप असे. निवृत्त झाली तेव्हा तिच्या मानेचा मणका कायमचा दुखावलेला होता. औषधांचं वजन कमी करता येत नाही, असं शलाकाला तेव्हाच वाटलं होतं. लॅपटॉपचं मात्र करता येईल.

ते तिने केलं. पंखा काढला. प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत नेणारी तांब्याची नळी काढली. पंखा गेल्यावर वीज कमी लागू लागली म्हणून बॅटरी निम्मी केली. चार्जरचं सोडून बाकीची सगळी भोकं बुजवली. राहिला प्रश्न उष्णतेचा, आणि त्याचं तिने जे उत्तर शोधलं त्यावरूनच खैरनारांचं आणि तिचं वाजलं होतं.

पहिल्या बैठकीत संचालक नाडकर्णींनी तिला विचारलं होतं, “पंखा नाही, नळी नाही. मग उष्णता जाते कुठे?”

“हातात,” शलाका म्हणाली होती. “टाइप करताना आपण तळवे जिथे टेकवतो, त्याच्या बरोबर खाली मी एकेक प्रोसेसर बसवलाय. डाव्या तळव्याखाली डावा, उजव्याखाली उजवा. उष्णता वरच्या पत्र्यातून तळहातात शिरते. तळहाताच्या कातडीखाली रक्ताच्या खास आडवाटा असतात. शरीराला नकोशी झालेली उष्णता बाहेर टाकायला त्या असतात, आपण त्या उलट्या वापरायच्या. रक्त येतं, उष्णता घेतं, पुढे जातं. हाताला जरा कोमट लागतं, चहाचा कप निवत आल्यावर लागतो तेवढं. याला मी तळहात-शीतन म्हणते.”

“म्हणजे माणूसच पंखा,” खैरनार म्हणाले होते.

“तसं म्हणा.”

“आणि हातांनी उष्णता नेली नाही तर?”

“पत्रा तापायला लागतो. तो तापू नये म्हणून प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. कुणाला चटका बसणार नाही.”

“चटक्याचं नाही बोलत मी,” खैरनार म्हणाले. “पातळपणा काही फुकट मिळत नाही, शलाका. इथून ग्रॅम काढलास की दुसरीकडे कुठेतरी कुणीतरी तो भरतोच. आजवर तो बॅटरीने भरला, कीबोर्डने भरला, दुरुस्ती करणाऱ्याने भरला. तू तो वापरणाऱ्याच्या अंगावर टाकते आहेस. ज्या यंत्राचा वेग ते कुणाच्या हातात आहे यावर ठरतो, त्याला मी यंत्र म्हणत नाही. तीन मिलिमीटर जाडी वाढव, पंखा बसव, मी आज सही करतो.”

“तीन मिलिमीटर म्हणजे पाव किलो, सर. पंखा आला की नळी येते, नळी आली की मोठी बॅटरी येते. पुन्हा तेच ओझं.”

नाडकर्णींनी मधला मार्ग काढला. खैरनारांनी रोजचं सगळं काम काही आठवडे पापुद्र्यावर करायचं आणि मग अहवाल द्यायचा. ते आठवडे आता सरत आले होते आणि खैरनार एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. यंत्र संथ आहे.

शलाकाने त्यांना दुसरा पापुद्रा दिला, मग तिसरा. तिन्ही त्यांच्या हातात संथ चालले. तेच तिन्ही तिच्या हातात भरधाव चालले. इतर कुणाचीच तक्रार नव्हती. शेवटी बैठकीत तिचा संयम सुटला.

“सर, यंत्र संथ नाही. तुम्हाला ते संथ असायला हवंय.”

खैरनारांनी चष्मा काढून पुसला. “मी आजवर एकाही यंत्राबद्दल खोटं लिहिलेलं नाही,” एवढंच ते म्हणाले आणि उठून गेले.

ते वाक्य शलाकाला झोंबलं. तिने खैरनारांचे जुने अहवाल वाचले होते, त्यांतूनच ती हा धंदा शिकली होती. हा माणूस हट्टी होता, चिडका होता, पण मोजमापात कधी खोटं बोलला नव्हता. मग ते खरं बोलत असतील तर? यंत्र तेच, प्रोग्राम तेच, खोलीचं तापमान तेच. मग बदलत होतं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्या टेबलाशी गेली.

“सर, काल मी चुकीचं बोलले. तुम्ही म्हणता ते खरं धरून आज मोजायचं का?”

खैरनारांनी मान वर केली. “आधीच धरायला हवं होतंस,” ते म्हणाले, पण खुर्ची मागे सरकवून त्यांनी तिला जागा करून दिली.

त्यांनी पापुद्र्यावर नेहमीसारखे दोन्ही तळवे टेकवले. शलाकाने दोन्ही प्रोसेसरना सारखंच काम दिलं. थोडा वेळ दोन्ही पट्ट्या भरलेल्या राहिल्या. मग निळी घसरू लागली आणि घसरत घसरत निम्म्याच्याही खाली येऊन थांबली. केशरी जागची हलली नाही.

“डावाच,” शलाका पुटपुटली. “तुम्ही डावा हात उचलून तर धरत नाही?”

“टेकलाय की. बघ ना.”

तिने वाकून पाहिलं. तळवा पूर्ण टेकलेला होता.

“म्हणजे डाव्या बाजूचा पत्रा नीट चिकटलेला नाही,” खैरनार म्हणाले. “जोडणीतला दोष. सांगत होतो मी.”

“तिन्ही यंत्रांत तोच दोष? आणि माझ्या हातात तो दिसत नाही?” शलाका विचार करत उभी राहिली. मग म्हणाली, “सर, हात उलटे ठेवा. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.”

“म्हणजे काय होईल?”

“दोष पत्र्यात असेल तर निळीच पट्टी पडेल.”

खैरनारांनी हातांची कात्री केली. डावा तळवा उजव्या बाजूला, उजवा डाव्या बाजूला. दोघं पडद्याकडे बघत राहिले. निळी पट्टी हळूहळू वर चढली आणि पूर्ण भरली. मग केशरी घसरायला लागली.

संथपणा यंत्राच्या बाजूबरोबर राहिला नव्हता. तो हाताबरोबर सरकला होता.

शलाका रबरी हातांकडे गेली. तिने डाव्या हाताच्या नळीचा पंप थोडा कमी केला. आणखी कमी केला. पाण्याचा प्रवाह जेमतेम तिसऱ्या हिश्शावर आला तेव्हा निळी पट्टी तशीच घसरली आणि तिथेच येऊन थांबली.

“सर,” ती म्हणाली. “तुमच्या डाव्या हातात रक्त कमी येतंय.”

खैरनार आपल्या हाताकडे बघत होते, बिघडलेल्या भागाकडे बघावं तसे. “वय झालं,” ते म्हणाले.

“वय दोन्ही हातांचं सारखंच असतं. तुम्ही डॉक्टरांकडे जा.”

“अहवाल देऊन झाला की जाईन.”

“अहवाल मी अडवून धरते. आधी तुम्ही जा.”

ते गेले नसतेच. शलाकाने त्यांच्या घरी फोन करून त्यांच्या पत्नीला, वंदनाताईंना सगळं सांगितलं. “त्यांच्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नकोस,” वंदनाताई म्हणाल्या. “गाडी काढ आणि खाली थांब. मी आलेच.”

डॉ. झरीन तांबोळी हृदयविकाराच्या डॉक्टर होत्या. त्यांनी सगळी हकिगत मधे न बोलता ऐकली. मग दोन्ही दंडांना पट्टे बांधून एकाच वेळी रक्तदाब मोजला. डाव्या हातात तो अगदी व्यवस्थित होता. उजव्या हातात पाहून त्यांनी पुन्हा मोजला.

“आजवर तुमचा रक्तदाब कुठल्या हातावर मोजत?”

“डाव्या. मी डावखुरा, घड्याळ उजव्या हातात घालतो. म्हणून डावाच पुढे करतो.”

“आणि प्रत्येक वेळी सगळे म्हणाले, छान आहे.”

“हो.”

“छान नाहीये. उजव्या हातातला आकडा खरा आहे आणि तो बराच जास्त आहे. डाव्या हाताकडे रक्त नेणारी रोहिणी गळ्याच्या खाली अरुंद झालीय. त्यामुळे तिथे दाब कमी दिसतो आणि तोच आपण खरा समजत आलो. डावा हात वर करून काम केलं की भरून येतो का?”

वंदनाताईच बोलल्या. “पडदे लावताना मधेच स्टुलावरून खाली उतरतात. मला वाटायचं, कामाचा कंटाळा.”

“आणि जिना चढताना?”

या वेळी खैरनारांनीच मान हलवली.

पुढच्या तपासण्या झाल्या. एक रोहिणी अशी अरुंद असेल तर बाकीच्याही पाहाव्या लागतात, हे तांबोळींनी आधीच सांगितलं होतं. हृदयाच्या मुख्य रोहिणीतही अडथळा निघाला, मोठा. छातीत एकदाही न दुखता तो तिथे वाढत राहिला होता. बायपास करावी लागणार होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी शलाका दवाखान्यात आली तेव्हा तांबोळी खैरनारांच्या खाटेशी उभ्या होत्या.

“हात उलटे ठेवायला यांना तुम्हीच सांगितलंत ना?” त्या शलाकाला म्हणाल्या. “मग तुम्हाला एक सांगायला हवं. बायपास करताना आम्ही बहुतेक वेळा छातीतली डाव्या बाजूची एक रोहिणी हृदयाला जोडतो. ती निघते डाव्या हाताच्या रोहिणीतूनच, म्हणजे यांच्या बाबतीत जी अरुंद झालीय तिच्यातूनच. हे कळलं नसतं तर हृदयाला आम्ही अशा नळाशी जोडलं असतं ज्याला वरूनच पाणी नाही. आता आम्ही डाव्या हाताची वाट वेगळी मोकळी करू आणि हृदयासाठी दुसरीकडून रोहिणी घेऊ.”

वंदनाताईंनी शलाकाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली.

खैरनार कामावर परतले तोवर प्रयोगशाळेत बरंच काही घडलं होतं. नाडकर्णींना जाहिरात सुचली होती, हृदयाची काळजी घेणारा लॅपटॉप. ते तांबोळींना भेटूनही आले होते. तांबोळींनी त्यांना सरळ सांगितलं होतं, “थंडीत कुणाचेही हात गार पडतात. घाबरल्यावर पडतात, उपाशीपोटी पडतात. याला तपासणी म्हणाल तर धडधाकट माणसं माझ्याकडे रांग लावतील आणि आजारी माणसं पट्टी भरलेली बघून घरी बसतील. तसलं काही लिहू नका.” जाहिरात बारगळली होती.

शलाकाच्या टेबलावर नवा नमुना होता. खैरनारांनी तो उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“जड आहे.”

“पंखा बसवलाय,” शलाका म्हणाली. “तुमचं बरोबर होतं, सर. ज्याच्या हातात कमी रक्त आहे त्याने कमी वेग का सोसायचा? माझ्या आईच्या वयाच्या कितीतरी बायकांचे हात गार असतात. मी त्यांच्यासाठी यंत्र करायला निघाले आणि त्यांनाच मागे टाकणारं यंत्र केलं.”

“काढ तो.”

“काय?”

“पंखा काढ. पंखा असता तर निळी पट्टी भरलेली राहिली असती. मी खुशाल सही केली असती आणि दिवाळीला पडदे लावताना स्टुलावरून खाली आलो असतो. परत उठलोच नसतो.”

“म्हणून काय सगळ्यांनी संथ यंत्र वापरायचं? तुम्हीच म्हणाला होता—”

“मी काय म्हणालो होतो ते मला पाठ आहे.”

शलाकाला हसू आवरेना. ती त्यांची बाजू मांडत होती, ते तिची, आणि दोघांचाही आवाज चढलेला होता. खैरनारही हसले, छातीवर हात दाबून, कारण टाके अजून ओढत होते.

मग ते जेवायच्या सुट्टीपर्यंत बसले. वजन कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, याचा त्यांनी भागागणिक विचार केला. पाड्यावर चढताना पाव किलो जाणवतं. घरी किंवा केंद्रावर टेबलाशी बसल्यावर जाणवत नाही. म्हणजे पंखा हवा, पण तो पाठीवर कशाला? शेवटी त्यांनी पंखा पापुद्र्यातून काढून एका वेगळ्या बैठकीत घातला. टेबलावर ती बैठक ठेवायची, तिच्यावर पापुद्रा ठेवायचा, की उष्णता खालून निघून जाते आणि हात कसेही असोत, वेग पूर्ण मिळतो. शलाकाने तिचं नाव ‘पाट’ ठेवलं. बाहेर पडताना पाट घरी राहणार होता.

“आणि पाट नसताना एखाद्याचा एकच हात सारखा कमी पडत असेल तर?” शलाकाने विचारलं.

“तर यंत्राने त्याला साध्या शब्दांत सांगावं,” खैरनार म्हणाले. “फक्त त्याला. हाताला उष्णता नेता येत नाहीये, पाट वापरा. अनेक दिवस तसंच राहिलं तर डॉक्टरांना विचारा. एवढंच. त्याच्या साहेबाला नाही, विमा कंपनीला नाही आणि आपल्यालाही नाही.”

अंतिम चाचणीचा दिवस आला. नियमाप्रमाणे ती खैरनारांनीच करायची होती, पाटाशिवाय. त्यांनी स्वच्छ धुतलेले तळवे पापुद्र्यावर टेकवले. मागे शलाका आणि नाडकर्णी उभे होते.

निळी पट्टी भरली आणि भरलेलीच राहिली. डाव्या हाताची वाट मोकळी झाली होती. शलाकाने सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यात तिचं लक्ष केशरी पट्टीकडे गेलं.

केशरी घसरत होती. फार नाही, पण घसरत होती. काठापासून बोटभर खाली येऊन ती थांबली.

“उजवा?” नाडकर्णी म्हणाले. “उजवा तर चांगला होता.”

खैरनारांनी हातांची कात्री केली. केशरी भरली, निळी बोटभर घसरली. संथपणा पुन्हा हाताबरोबर गेला होता. शलाकाने फोन काढून तिथेच तांबोळींना लावला आणि घाईघाईने सांगितलं की सरांच्या उजव्या हातात रक्त कमी येतंय, आता निघू का, अँब्युलन्स बोलवू का.

तांबोळी म्हणाल्या, “फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवा. खैरनार, तुम्ही आहात का तिथे?”

“आहे.”

“तुमच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला व्रण आहे ना, मनगटापासून वर?”

“आहे.”

“तुम्हाला सांगितलं होतं, पण त्या दिवशी तुम्ही बहुधा निम्मं ऐकलंत. हृदयाला जोडायला रोहिणी आम्ही तिथूनच घेतली. तुम्ही डावखुरे, म्हणून उजव्या हातातली. हाताला दोन रोहिण्या असतात. एकीवर त्याचं भागतं, भाजी चिरा, गाडी चालवा, तुम्हाला काही जाणवणार नाही. आम्ही पाहूनच घेतली. फक्त तो हात आता पूर्वीइतकी उष्णता नेणार नाही. तुमच्या यंत्राला ते कळलं असेल तर यंत्र फारच प्रामाणिक आहे.”

“म्हणजे ती रोहिणी आता…” शलाका अडखळली.

“छातीत आहे. काम करतेय. हाताला थोडं कमी आणि हृदयाला पुरेसं, असा सौदा केला आम्ही. दुपारची औषधं घेतली का, खैरनार?”

“घेतो,” खैरनार म्हणाले. “डॉक्टर, आभारी आहे.”

फोन बंद झाला. नाडकर्णी खिडकीशी जाऊन उगाच बाहेर बघत राहिले. शलाकाने डोळे पुसले. खैरनारांनी हातांची कात्री सोडवली, उजवा हात उलटा करून तो फिकट व्रण पाहिला आणि दोन्ही तळवे पुन्हा आपापल्या जागी टेकवले. केशरी पट्टी पुन्हा तिथेच येऊन थांबली, बोटभर कमी.

मग त्यांनी अहवाल उघडला आणि डाव्या हातात पेन घेऊन शेवटच्या रकान्यात लिहिलं:

‘उजवी बाजू किंचित संथ. यंत्रात दोष नाही.’

आणि खाली सही केली.